हडसन नदी, एक लाकडी स्लूप आणि जूनमधली जत्रा : क्लियरवॉटर महोत्सवाची गोष्ट

गलबतवाला

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "पर्यावरण महोत्सव म्हणजे तागाच्या पिशव्या, दोन भाषणं आणि मागे उरलेला ट्रकभर कचरा." तिथे वाद घातला असता तर मूळ विषय बुडाला असता, म्हणून हा वेगळा धागा. न्यूयॉर्क राज्यात हडसनच्या काठी जून महिन्यात, फादर्स डेच्या शनिवार-रविवारी भरत आलेल्या 'ग्रेट हडसन रिव्हर रिव्हायव्हल'बद्दल लिहितोय. एवढं लांबलचक नाव कुणी घेत नाही, सगळे नुसतं 'क्लियरवॉटर' म्हणतात. मी तीनदा गेलोय आणि तिन्ही वेळा उन्हात करपून परत आलोय. तेव्हा माझं मत एकतर्फी असणार, हे आधीच सांगून ठेवतो.

या जत्रेच्या आधी बोट आली. बॅन्जो वाजवणारे लोकगायक पीट सीगर १९४९ पासून नदीकाठच्या बीकन गावाबाहेर, डोंगरउतारावर स्वतः बांधलेल्या लाकडी घरात राहत. साठच्या दशकात एका मित्राने त्यांना १९०८ सालचं एक पुस्तक वाचायला दिलं. विषय होता हडसनवरची स्लूप जहाजं. एकच डोलकाठी, त्यावर भलंमोठं शीड आणि उथळ पाण्यातही चालेल असा रुंद तळ. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात नदीवरची मालवाहतूक आणि माणसांची ये-जा याच जहाजांतून चाले. पुढे आगबोटी आल्या, काठाने रेल्वे आली आणि स्लूप संपले. सीगरना वाटलं, तसा एक स्लूप पुन्हा बांधायचा. १९६६ मध्ये संस्था उभी राहिली. मग नदीकाठच्या गावांत, कुणाच्या अंगणात, कुणाच्या हिरवळीवर गाण्याचे कार्यक्रम सुरू झाले आणि झोळी फिरू लागली. पुढच्या महोत्सवाचं बीज या झोळीच्या कार्यक्रमांत आहे.

जहाज बांधलं मेन राज्यातल्या साउथ ब्रिस्टलच्या हार्वी गॅमेज गोदीत, आराखडा सायरस हॅमलिन यांचा. १७ मे १९६९ ला ते पाण्यात उतरलं. लांबी १०६ फूट, शिडांचं क्षेत्रफळ सुमारे ४,३०० चौरस फूट. नाव ठेवलं 'क्लियरवॉटर', म्हणजे स्वच्छ पाणी. ज्या नदीत ते चालणार होतं तिची तेव्हाची अवस्था बघता हा नवस म्हणायचा की टोमणा, तुम्हीच ठरवा.

काठावरच्या या कार्यक्रमांतून १९७८ मध्ये दोन दिवसांचा रीतसर महोत्सव झाला. त्याबद्दल खाली लिहितो, तोवर चहा घेऊन येतो.

---

मुक्ता_वाहते

वाचतेय! नदी खरंच इतकी वाईट होती का? मी न्यू जर्सीच्या बाजूने रोज बघते, आता तर लोक तिच्यात कयाक घेऊन फिरतात.

---

गलबतवाला

@मुक्ता, होती. मॅनहॅटनच्या पश्चिमेकडचं सांडपाणी १९८६ मध्ये नॉर्थ रिव्हर सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प सुरू होईपर्यंत प्रक्रियेविना थेट हडसनमध्ये जायचं. टॅरीटाउनला मोटारींचा कारखाना होता. तिथे आज गाड्या कोणत्या रंगात रंगवल्या हे नदीकडे बघून कळतं, असं जुने लोक सांगत.

आणि ही नदी घाण सहजासहजी समुद्रात नेऊन टाकतही नाही. ट्रॉयपर्यंत, म्हणजे मुखापासून दीडशेहून जास्त मैल आत, तिला भरती-ओहोटी असते. इथल्या मूळ रहिवाशांनी तिला दिलेल्या 'माहिकानटुक' या नावाचा अर्थ 'दोन्हीकडे वाहणारं पाणी' असाच सांगतात. सकाळी वाहून गेलेलं लाकूड संध्याकाळी परत येतं. घाणीचंही तसंच.

---

रसायनवाला

माझ्या क्षेत्राचा विषय आहे म्हणून भर घालतो. सांडपाणी डोळ्यांना दिसतं, नाकाला कळतं. हडसनचं खरं दुखणं दिसणारं नव्हतं. फोर्ट एडवर्ड आणि हडसन फॉल्स इथे जनरल इलेक्ट्रिकचे कपॅसिटर बनवायचे दोन कारखाने होते. १९४७ ते १९७७ या तीस वर्षांत तिथून सुमारे १३ लाख पौंडांपर्यंत पीसीबी हे विषारी रसायन नदीत गेलं असावं, असा अंदाज आहे. म्हणजे जवळपास ५९० टन. पीसीबी पाण्यात फारसं विरघळत नाही. गाळाला चिकटून बसतं आणि चरबीत साठतं. गाळातल्या किड्यांतून लहान माशांत, त्यांच्यातून मोठ्या माशांत, आणि तिथून ताटात.

त्यात १९७३ मध्ये फोर्ट एडवर्डचं जुनं धरण काढलं. धरणाआड वर्षानुवर्षं अडलेला विषारी गाळ मोकळा होऊन खाली गेला. धरण काढणं म्हणजे नदी मोकळी करणं असं आपण सरसकट धरून चालतो. आत काय साठलंय ते आधी तपासायला हवं, हा धडा तिथे महागात मिळाला. १९७६ मध्ये वरच्या पट्ट्यात मासेमारी बंद झाली आणि खालच्या पट्ट्यातली स्ट्राइप्ड बास या माशाची व्यावसायिक मासेमारीही थांबली. पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकणाऱ्या कुटुंबांचा धंदा तिथेच बसला.

१९८४ मध्ये हडसन फॉल्सपासून मॅनहॅटनच्या टोकापर्यंतचे २०० मैल केंद्र सरकारच्या 'सुपरफंड' यादीत, म्हणजे सफाई करायच्या विषारी जागांच्या यादीत गेले. गाळ उपसायचा निर्णय व्हायला २००२ उजाडलं. यंत्रं नदीत उतरली २००९ मध्ये आणि काम संपलं २०१५ मध्ये. फोर्ट एडवर्ड ते ट्रॉय या ४० मैलांतून सुमारे २७ लाख घन यार्ड गाळ काढला. मासे खाण्याबाबत आरोग्य खात्याचे इशारे मात्र आजही आहेत.

---

तिरकस_तात्या

रसायनवाल्यांचा प्रतिसाद वाचल्यावर माझं काम सोपं झालं. गलबतवाले, राग मानू नका, पण पीसीबी काढलं ते उपसायंत्रांनी. यंत्रं आली ती सरकारी आदेशाने आणि आदेश आला तो खटल्यांच्या दबावाने. यात बॅन्जो कुठे बसतो? नदी कायद्याने साफ झाली, श्रेय मात्र गाणाऱ्यांना.

पुरावा देतो. १९६६ च्या मार्चमध्ये क्रोटनजवळ मच्छीमारांची एक सभा झाली. नेतृत्व बॉब बॉयल या क्रीडा-नियतकालिकातल्या पत्रकाराचं. जमलेले लोक संतापलेले होते. पेन सेंट्रल रेल्वेच्या पाइपातून नदीत तेल यायचं, माशांना त्याचा वास लागायचा आणि बाजारात ते मासे कुणी घेईना. बॉयलना १८८८ आणि १८९९ चे दोन विस्मृतीत गेलेले कायदे सापडले. नदीत घाण टाकणाऱ्याला दंड, आणि त्याची खबर देणाऱ्याला त्या दंडातला वाटा! मच्छीमारांनी ते कायदे वापरले, रेल्वेला दंड झाला आणि यांना २,००० डॉलर बक्षीस मिळालं. त्यांच्याच संघटनेतून पुढे 'रिव्हरकीपर' ही संस्था झाली. तिथे एकही गाणं गायलं गेलं नव्हतं.

---

सुमेधा_कि

तात्या, "एकही गाणं नव्हतं" हे तुम्हाला कसं ठाऊक? मच्छीमार होते ते, लेखापरीक्षक नव्हे. :)

---

गलबतवाला

चहा झाला. तात्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि बॉयल यांचं काम फार मोठं, यात दुमत नाही. स्टॉर्म किंगचीही भर घाला. १९६२ मध्ये कॉन एडिसन या वीज कंपनीने हडसनकाठचा स्टॉर्म किंग डोंगर पोखरून वीजप्रकल्प उभारायची योजना जाहीर केली. १९६३ मध्ये विरोधकांची 'सीनिक हडसन' स्थापन झाली. १९६५ मध्ये न्यायालयाने म्हटलं की निसर्गसौंदर्याच्या रक्षणासाठीही नागरिकांना दाद मागता येते. अमेरिकेतल्या पर्यावरणाच्या खटल्यांचा पायाच तिथे घातला गेला. कंपनीने माघार घेतली ती १९८० च्या तडजोडीत. सतरा-अठरा वर्षं भांडण चाललं!

आता माझा मुद्दा. इतकी वर्षं टिकणाऱ्या भांडणाला माणसं लागतात. सुनावणीला येऊन बसणारी, पत्रं लिहिणारी, वर्गणी देणारी, आणि मुख्य म्हणजे 'ही नदी माझी आहे' असं वाटणारी. साठच्या दशकात काठावरच्या लोकांनी नदीकडे पाठ फिरवली होती. मधे रेल्वेचे रूळ, पलीकडे वास. कोण जाणार तिकडे? लोकांना पाण्यापर्यंत न्यायचं तर काहीतरी बघण्यासारखं हवं. बोट हे ते निमित्त आणि महोत्सव हे त्याहून मोठं निमित्त. खटला जिंकून देतो असं गाणाऱ्यांनी कधीच म्हटलं नव्हतं.

दोन्हीकडची माणसंही वेगळी नव्हती. १९८३ मध्ये त्या संस्थेचे पहिले पूर्णवेळ 'रिव्हरकीपर', म्हणजे नदीचे राखणदार, झालेले जॉन क्रोनिन हे नदीच्या कामात आले ते क्लियरवॉटरच्या वाटेने. त्याच वर्षी त्यांनी एक्सॉनची तेलवाहू जहाजं पकडली. ती हडसनमध्ये येऊन टाक्या विसळायची, ते पाणी नदीत सोडायची आणि जाताना नदीचं गोडं पाणी भरून अरुबा बेटावर न्यायची. घाण ठेवून जा आणि पाणी घेऊन जा, असा तो व्यवहार. शेवटी कंपनीला पैसे मोजावे लागले.

---

अरबट_चरबट

सीगर म्हणजे तेच ना, ज्यांच्यावर कम्युनिस्ट म्हणून ठपका होता? नदीकाठच्या गावांत चाललं का ते?

---

गलबतवाला

तेच. १९५५ मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीपुढे त्यांनी आपली मतं आणि संबंध यांबद्दल उत्तरं द्यायला नकार दिला. १९६१ मध्ये संसदेच्या अवमानाबद्दल शिक्षा झाली आणि १९६२ मध्ये वरच्या न्यायालयात ती रद्द झाली. दूरचित्रवाणीने त्यांना अनेक वर्षं वाळीत टाकलं होतं. नदीकाठची बरीच गावं तेव्हा पुराणमतवादी. लांब केसांची मंडळी जहाज घेऊन धक्क्याला लागली की स्वागत थंडच व्हायचं. म्हणून जहाजावर राजकारणापेक्षा माशांवर बोलणं जास्त, हे शहाणपण लवकर आलं. पोरं जहाजावर चढली की जाळं टाकायचं, वर आलेले मासे पाण्याच्या टाकीत सोडून दाखवायचे आणि परत नदीत सोडून द्यायचे. कट्टर विरोधकाचं पोरसुद्धा मासा बघून खूश होतं. आजवर पाच लाखांहून जास्त माणसं या जहाजावर नदीचे धडे घेऊन गेली आहेत.

---

सुमेधा_कि

धागा छान चाललाय, पण शंभर ओळींत 'पीट, पीट' आणि एकदाही तोशी नाही? महोत्सवाची गोष्ट सांगताय की बॅन्जोची?

तोशी सीगर, पीट यांची बायको. जन्म १९२२, म्युनिकचा. वडील जपानी, आई अमेरिकन. १९४३ मध्ये लग्न. साठच्या दशकाच्या सुरुवातीला न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवाच्या उभारणीतही त्या होत्या, म्हणजे हजारो माणसांना सांभाळायचा अनुभव गाठीशी. क्लियरवॉटर महोत्सवाची घडी त्यांनी बसवली. मंचावर कोण, हा त्यातला सोपा भाग. पाणी कुठून आणायचं, संडास किती, हरवलेलं मूल कुठे आणून बसवायचं, कचरा कोण वेगळा करणार, स्वयंसेवकांना जेवण काय, हे सगळं त्यांच्या वहीत.

बहिऱ्या प्रेक्षकांसाठी मंचाच्या कडेला उभं राहून खुणांच्या भाषेत गाणी सांगणारे दुभाषे आणि चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्यांसाठी सोय हे त्या महोत्सवाचं जुनं वैशिष्ट्य. इतर मोठ्या कार्यक्रमांत ही दृश्यं रुळायला फार वेळ लागला. गाण्याचा दुभाषा एकदा बघाच. ढोलाचा ठेका हातांत दिसतो.

तोशी गेल्या जुलै २०१३ मध्ये, पीट जानेवारी २०१४ मध्ये, ९४ व्या वर्षी.

---

गलबतवाला

सुमेधाताई, चूक कबूल. कान पकडले.

कचऱ्यावरून आठवलं. हा धागा ज्या वाक्यावरून निघाला, त्याचं उत्तर मला तिथल्या कचरापेट्यांपाशी मिळालं. प्रत्येक ठिकाणी पेट्यांची रांग आणि शेजारी स्वयंसेवक. तुमच्या हातातली प्लेट कुठल्या पेटीत जाणार ते तो सांगणार. खताची वेगळी, पुनर्वापराची वेगळी, आणि ज्याचं काहीच होत नाही ती सगळ्यात छोटी पेटी. मी पहिल्या वर्षी चुकीच्या पेटीत काटा टाकला, तर बारा-तेरा वर्षांच्या मुलीने तो माझ्यादेखत बाहेर काढून योग्य पेटीत टाकला. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

मंचांना वीज सौरऊर्जा आणि जैवइंधनातून पुरवायचे. आणि मंच एकच नव्हे, सात! एकावर मोठे कलाकार, एकावर नाच, एकावर गोष्टी सांगणारे, एका जागी नुसतं गोल करून सगळ्यांनी मिळून गायचं. मी तिथेच पडीक असायचो. सूर कुणाचाच नसतो, म्हणून लाज वाटत नाही.

---

तिरकस_तात्या

पेट्यांचं ठीक. पण महोत्सव कुठे भरायचा ते गलबतवाल्यांनी शिताफीने टाळलंय. क्रोटन पॉइंट पार्क. म्हणजे कचराडेपो! नदी वाचवायची जत्रा कचऱ्याच्या ढिगाशेजारी. हे मी रचलेलं नाही.

---

क्रोटनची_सून

लग्न होऊन या भागात आले त्याला बरीच वर्षं झाली. तात्या, तुम्ही अर्धंच सांगितलंत.

क्रोटन पॉइंट हे नदीत घुसलेलं जमिनीचं बोट आहे, पाचशेहून जास्त एकरांचं. मूळ रहिवाशांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे थर तिथे सापडले आहेत. एकोणिसाव्या शतकात अंडरहिल घराण्याचे द्राक्षमळे होते, त्यांची दारूची तळघरं अजून दिसतात. वीटभट्ट्याही होत्या. मग १९२७ पासून काउंटीने तिथल्या पाणथळीत कचरा टाकायला सुरुवात केली, ते थेट १९८६ पर्यंत. साठ वर्षं! नदीला लागून, भरतीच्या पाण्यात, तळाला कसलंही अस्तर न घालता. डेपो बंद झाल्यावर नव्वदच्या दशकात ढिगावर आवरण घातलं, आतला वायू काढायची सोय केली, वर माती टाकली आणि गवत लावलं. मधली काही वर्षं महोत्सव व्हॅलहॅला गावात, कम्युनिटी कॉलेजच्या आवारात भरायचा. नदीपासून लांब. मग पुन्हा क्रोटनला आला.

आता तो ढीग म्हणजे हिरवीगार टेकडी. उन्हाळ्यात गवतात बॉबोलिंक पक्षी असतात. हिवाळ्यात नदीवर टकल्या गरुडांची गर्दी, ते बघायला दुर्बिणी घेऊन लोक येतात. माझा धाकटा त्या टेकडीवर घसरगुंडी करत मोठा झाला. खाली काय आहे ते त्याला शाळेत कळलं. घरी येऊन म्हणाला, "आई, आपण कचऱ्यावर खेळतो?" मी हो म्हणाले.

---

तिरकस_तात्या

क्रोटनची सून, हे माहीत नव्हतं. टोमणा मागे घेतो. अर्धा.

---

मुक्ता_वाहते

एक बाळबोध प्रश्न. एवढं सगळं करून पैशाचं गणित जमायचं का?

---

गलबतवाला

कधी जमायचं, कधी नाही. महोत्सवातून उरलेल्या पैशावर जहाज आणि शाळांचे कार्यक्रम चालावेत अशी मूळ कल्पना. पण उघड्यावरचा दोन दिवसांचा कार्यक्रम. शनिवारी पाऊस कोसळला की वर्षाचं गणित ढासळलं. लाकडी जहाजाचा खर्च तर न संपणारा. फळ्या कुजतात, बदलाव्या लागतात. २००९ मध्ये पीट यांच्या नव्वदाव्या वाढदिवशी, ३ मे रोजी, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मोठी मैफल झाली ती क्लियरवॉटरच्या मदतीसाठीच. त्यानंतरही २०१६ मध्ये महोत्सव भरवता आला नाही. २०१७ मध्ये परत आला, २०२० मध्ये कोविडच्या साथीने थांबवला.

माझं खासगी मत असं की महोत्सव फार मोठा झाला होता. मोठं नाव आणायचं म्हणजे मोठी बिदागी. मग महाग तिकीट, मग त्या नावासाठीच येणारी गर्दी. झोळी फिरवण्याच्या दिवसांतला मोकळेपणा त्यात थोडा हरवला. बीकनला स्लूप क्लबची छोटी जत्रा असते. जूनमध्ये स्ट्रॉबेरीची, ऑगस्टमध्ये मक्याची, ऑक्टोबरमध्ये भोपळ्याची. धक्क्याजवळ चार टेबलं, एक छोटा मंच. ती चालू राहते, कारण बुडण्याइतके पैसे तिच्यात कधी गुंततच नाहीत.

---

रसायनवाला

मोठ्या-छोट्याबद्दल असहमत. गाळ उपसायचा निर्णय होण्याआधी जनरल इलेक्ट्रिकने 'गाळ उपसू नका, ढवळला तर विष वर येईल, नदी आपोआप बरी होईल' असा जोरदार प्रचार केला होता. वरच्या हडसनमधल्या कित्येक गावांना तो पटलाही होता. त्याला उत्तर द्यायला चार टेबलांची जत्रा पुरत नाही. हजारो लोक जमतात तिथे माहितीचा तंबू टाकून पीसीबी म्हणजे काय ते रांगेतल्या माणसाला समजावता येतं. आइस्क्रीमच्या रांगेत उभा असलेला माणूस दहा मिनिटं कुठेही जात नाही.

---

अरबट_चरबट

आइस्क्रीमच्या रांगेत पीसीबी! +१

गलबतवाले, बोटीवर चढला होतात का कधी? की काठावरूनच?

---

गलबतवाला

एकदाच, तीन तासांच्या फेरीला. शीड चढवायला खलाशी पुरत नाहीत, प्रवाशांनाच कामाला लावतात. दोन बाजूंना दोन दोर. एकाने शिडाच्या वरच्या वाशाचा डोलकाठीकडचा भाग उचलायचा, दुसऱ्याने बाहेरचं टोक. दोन्ही रांगा एका लयीत ओढल्या नाहीत तर वासा तिरका होतो आणि मधेच अडकतो. म्हणून एक खलाशीण गाणं सुरू करते. ती एक ओळ गाते, आपण पुढची ओळ ओरडायची आणि ठेक्याला दोर ओढायचा.

माझ्या पुढे सातवीतली पोरं, मागे एक सत्तरीच्या आजी. आमची रांग ढिली पडली आणि वासा कलला. खलाशीण गाता गाता थांबली आणि आमच्याकडे बघून म्हणाली, "या बाजूचे लोक गात नाहीयेत." तात्या, तुमची फार आठवण झाली. मग गायलो. शीड चढलं.

---

तिरकस_तात्या

तळहात सोलवटले असतील.

---

गलबतवाला

चार दिवस.